आडव्याला दाखवलेली

घाटकोपरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने आत्याचं आधार कार्ड मागितलं आणि आत्या म्हणाली, नाही. मला वाटलं घरी राहिलं असेल. मग मुलीने पॅन कार्ड मागितलं, मतदार ओळखपत्र मागितलं, रेशन कार्डावर नाव आहे का विचारलं. शेवटी बिचारी म्हणाली, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला, काहीही चालेल. आत्याने प्रत्येक वेळी शांतपणे मान हलवली, जणू कुणी आणखी एक चपाती वाढू का म्हणून विचारत होतं.

मी पवईच्या एका बँकेत सव्वीस वर्षं नोकरी करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं लोकांचे कागद तपासण्यात गेली. सही जुळत नाही, फोटो जुना आहे, पत्ता बदललाय, असं सांगून मी धडधाकट माणसांना परत पाठवलंय. आणि माझ्या सख्ख्या आत्याचा, जिने मला न्हाऊमाखू घातलं, माझी मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत सांभाळली, तिचा एकही कागद या देशात कुठे नाही, हे मला एका पंचविशीतल्या मुलीसमोर, मागे रांग उभी असताना कळलं. आधी लाज वाटली, मग राग आला. लाज ओसरली. राग अजून आहे आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे, तेव्हा कुठे सूर चढला तर चढू दे.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पुरता पिकलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा डोळा आणखी थांबणार नाही. तोवर ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती आणि गॅस पेटलाय की नाही ते आवाजावरून ओळखत होती, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यातून मी तिला तडक घरी नेलं आणि बाबांना विचारलं, हे काय आहे?

बाबा ऐंशीचे आहेत. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतात. त्यांनी बाल्कनीचं दार लावलं, टीव्हीचा आवाज वाढवला आणि मला आडव्याबद्दल सांगितलं. आत्या समोरच बसून शेंगा सोलत होती. तिच्याबद्दलच चाललं होतं, पण तिच्याकडे बघून कुणी बोलत नव्हतं. हे आमच्या घरात नेहमीचंच.

आडवा मला अगदीच नवा नव्हता. आमच्या गावच्या सात घरांची दर वर्षी पौषातल्या अवसेला मनोरीला सहल निघायची. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे, तिथे भाड्याने घेतलेली एक कॉटेज, बांगड्याचं तिखलं, वड्या, पत्ते. संध्याकाळी पूर्ण ओहोटी लागली की सगळे व्हरांड्यात समुद्राकडे तोंड करून बसायचे, थोरले काका गाऱ्हाणं घालायचे, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे आणि चहा पिऊन आम्ही परत निघायचो. कोकणातल्या प्रत्येक घराची काही ना काही राखण असते. कुणी कोंबडा देतं, कुणी नुसता नारळ ठेवतं. आमचंही तसलंच काहीतरी असेल असं मी धरून चालले. मोठ्यांचं गाऱ्हाणं जुन्या मालवणीत भरभर व्हायचं, त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि कुणी समजावून सांगायचं नाही. मीही कधी विचारलं नाही, हेही लिहून ठेवते.

बाबांनी सांगितलं ते असं. आडवा आडवा पडलेला आहे. कधीपासून, ते सांगता येत नाही, कारण तो पडला तेव्हा दिवसरात्र नव्हती. त्याची एक बाजू आमच्या गावच्या खाडीखाली आहे आणि दुसरी इथे, मुंबईच्या समुद्राखाली. म्हणून गिरण्यांत कामाला आलेल्या आमच्या आजोबांना गाव सोडूनही सुटका मिळाली नाही. डोंगर, बेटं, आकाशातल्या चांदण्या हे सगळं त्याला झोपेत पडणारं स्वप्न आहे आणि ज्या दिवशी तो कूस बदलेल त्या दिवशी ते संपेल. त्याला तोंड नाही. तो कौल देत नाही, नवस घेत नाही, कोपतही नाही. त्याला आपण ठाऊकच नाही. झोपेत माणूस अंगावरचा डास मारतो तेव्हा त्याचं डासाशी वैर थोडंच असतं, असं बाबा म्हणाले.

फक्त अधूनमधून त्याची झोप चाळवते आणि त्याची नजर वर येऊन फिरू लागते. डोळे नाहीत, तरी नजर आहे. ती जिथे टेकते तिथलं काही धड राहत नाही. म्हणून सात घरांनी मिळून एक माणूस त्याला दाखवून ठेवायचं. नजर आली की त्या माणसावर टेकते आणि बाकीचे सुटतात.

ते माणूस म्हणजे माझी आत्या. शेचाळीस वर्षांपासून.

तिच्या आधी एक विधवा म्हातारी होती. ती गेली आणि काही महिने कुणीच नव्हतं. त्याच काळात गिरणी बंद पडली. गिरणी कुणी बंद पाडली, कशासाठी पाडली, हे साऱ्या मुंबईला ठाऊक होतं. आमच्या सात घरांना तेवढं वेगळं कळलं. सहा पुरुष आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसले आणि त्यांनी नवं नाव ठरवलं. पोरंबाळं असलेल्या बायका नकोत, मुलगे नकोत, कमावते नकोत. आत्या बावीसची होती. टायपिंगच्या दोन परीक्षा झाल्या होत्या आणि अंधेरीच्या एका कचेरीतून तिला नेमणुकीचं पत्र आलं होतं. सोमवारपासून जायचं होतं. खोलीत हे ठरत होतं तेव्हा ती मोरीत त्याच सहा जणांची ताटं घासत होती. नंतर तिला बाहेर बोलावून सांगितलं. इतर घरांत मुलगी दाखवतात तेव्हा निदान तिला नवी साडी नेसवतात.

दाखवलेलीचे नियम असतात. तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. तिचा फोटो काढायचा नाही. तिने कुठे सही करायची नाही, नोकरी करायची नाही, लग्न करायचं नाही. कुठल्या वहीत, यादीत तिचं नाव राहता कामा नये. कारण तिचं नाव आणि चेहरा दुसरीकडे कुठे नोंदला गेला की नजर तिच्यावरून घसरते आणि मोकळी सुटते. म्हणून रेशन कार्डावरून तिचं नाव काढलं. लग्नांच्या अल्बममध्ये ती कुठेच नाही, फोटोवाला आला की तिला आत काहीतरी आणायला पाठवायचे. टॉवर झाला तेव्हा राहणाऱ्यांच्या यादीत ती नव्हती. आम्ही तिला आत्या म्हणायचो, बाबा ‘अगं’ म्हणायचे, आई ‘वन्सं’ म्हणायची, शेजारी ‘तुमच्या त्या’. एकावन्नाव्या वर्षी मला बाबांना विचारावं लागलं की आत्याचं नाव काय. त्यांनी ते एका कागदावर लिहून दाखवलं आणि कागद फाडून टाकला.

मी इथे कुणाचंच नाव लिहीत नाहीये. आडव्याला घाबरून नव्हे. ज्यांनी तिचं नाव पुसलं त्यांची नावं छापून यावीत एवढी त्यांची लायकी नाही, म्हणून.

आडवा आहे की नाही यावर मी त्या दिवशी वाद घातलाच नाही. माझा राग त्याच्यावर नव्हताच. असला तर असो, त्याला आम्ही ठाऊक नाही. पण ती ज्यांना ठाऊक होती, जे रोज तिच्या हातचं जेवत होते, त्यांचं काय? मी बाबांना सांगितलं की उद्या सकाळी मी हिला आधार केंद्रावर नेणार. कागद कसे उभे करायचे ते मला ठाऊक आहे, तो माझा धंदाच आहे. आणि मला वाटलं होतं आत्या खूश होईल, तर तीच नाही म्हणाली.

“मग ती कुणावर जायची?” तिने शेंगांतून मान वर न करता विचारलं.

ती मानत होती. हे मला सगळ्यात जड गेलं. शेचाळीस वर्षं तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, ती आपण सुटलो तर दुसरं कुणी सापडेल म्हणून बसली होती. आपला डोळा जाईल हे तिला कळत होतं आणि तरी ती हलायला तयार नव्हती. मी तिला समजावलं, ओरडले, रडले. तिने मला चहा करून दिला.

बाबांनी गप्प बसायचं सोडून थोरल्या काकांना फोन केला. थोरले काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. बोरिवलीला राहतात, त्यांच्या सोसायटीचे वीस वर्षं सेक्रेटरी आहेत, आणि सात घरांचा कारभारही ते सोसायटीसारखाच चालवतात. आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, त्याचं नाव ‘सहल’. एरवी तिथे सुप्रभात आणि गुडघेदुखीचे उपाय असतात. दोन दिवसांनी तिथे काकांचा लांबलचक मजकूर आला. विद्यमान व्यक्तीच्या वैद्यकीय अडचणीचा सहानुभूतीने विचार करता त्यांना मुक्त करण्यास हरकत नसावी, मात्र ज्या घराच्या विनंतीवरून हा बदल होत आहे त्याच घराने पर्यायी नाव द्यावे, असं त्यात होतं. खाली अकरा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

आमच्या घरात आता बाबा, मी आणि माझी मुलगी; आई आणि धाकटा भाऊ कधीच वारले. मुलगी वीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला आहे. पर्यायी नाव कुठलं, हे वेगळं लिहायची गरज नव्हती.

मी काकांना फोन लावला. जे बोलले ते पुन्हा लिहिण्यासारखं नाही, पण त्यातल्या एकाही शब्दाचा मला पश्चात्ताप नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाळा, यात वैयक्तिक काही नाही गं.” आडवाही बोलला असता तर हेच बोलला असता.

मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली. दाखवू दे ना, म्हणाली, मला काय फरक पडतो, मी काय ऐकणारे का त्यांचं. मग मोबाइल बघता बघता थांबली आणि तिने विचारलं की त्यांच्याकडे माझा फोटो आहे का. तिचा आवाज एवढासा झाला होता. त्यांनी तिला काहीही केलं नसतं, त्यांची ताकदच नाही. पण सात घरांतली माणसं आता तिच्याकडे संपलेली म्हणून बघणार, लग्नकार्यात तिच्यावरून नजर फिरवून पुढे जाणार, कधी ताप आला तरी तिला वाटणार की तेच. आत्यालाही पहिल्या दिवशी दुसरं काय झालं होतं?

आणि मग आत्याने कहर केला. बाबांच्या फोनवरून तिने मला फोन केला आणि म्हणाली, “मी चार्ज देते. काकांना सांग, या अवसेला.”

प्रथा अशी आहे की दाखवलेली जिवंत असताना बदलायची झाली तर त्या वर्षीचं गाऱ्हाणं तिने स्वतः घालायचं आणि स्वतःच्या तोंडाने नवं नाव सांगायचं. तसं कधी घडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, पण नियम होता आणि काकांना नियम म्हटले की हुरूप येतो. मी आत्याला विचारलं, कुणाचं नाव सांगणार आहेस? ती म्हणाली, तिथे ये, कळेल. मी फोन आपटला. जिला तू मांडीवर वाढवलंस तिचं नाव तुझ्या तोंडून निघणार? पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या डोळ्यात थेंब घालायला जायचे, घालायचे आणि निघायचे.

अवसेला मात्र मी मनोरीला गेले. मनात एवढंच ठरवलं होतं की ती मुलीचं नाव घ्यायला लागली की तिच्या तोंडावर हात ठेवायचा आणि मग जो काय तमाशा व्हायचा तो होऊ दे.

या वर्षी पहिल्यांदाच सहलीला एकही पोर नव्हतं. कुणी पुण्याला, कुणी कॅनडात, उरलेल्यांचे क्लास. आम्ही चौदा जण होतो, त्यात सगळ्यात लहान मी. काकांनी छापील कार्यक्रमपत्रिका आणली होती. दुपारी जेवणं झाली. आत्याला पहिल्यांदाच पहिल्या पंगतीत बसवलं. लोक तिला आग्रह करत होते आणि तोंडाकडे बघायचं टाळत होते. कुणीतरी मला म्हणालं की मुलीला आणायला हवं होतंस, आशीर्वाद मिळाला असता. मी त्या बाईच्या पानातली सोलकढीची वाटी उचलून परत आत नेऊन ठेवली. त्याहून मोठं काही मला सुचलं नाही.

सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलं. त्या किनाऱ्यावर ओहोटी लांबवर लागते, पण पौषातल्या अवसेला ती जरा जास्तच लांब जाते असं मला लहानपणापासून वाटत आलंय. नुसता काळा चिखल, दगड, आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. सगळे समुद्राकडे तोंड करून बसले, चहाचे स्टीलचे पेले समोर घेऊन. बाबा काकांच्या शेजारी होते. मी खांबाला टेकून मागे उभी राहिले, ओठ घट्ट मिटून. यांच्याबरोबर एक अक्षरही म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आत्या पुढे उभी राहिली. पाठमोरी. पदर खोचला आणि हात जोडले.

“बा आडव्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज पौषातली अवस, सात घरां हयसर जमली आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“शेचाळीस वर्सां एका माणसान तुजी नदर आपल्यार घेतल्यान.”

“व्हय म्हाराजा!”

“आता ता माणूस दमला.”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला एक लय असते. एकदा ती लागली की घालणारा काय म्हणतोय हे कुणी ऐकत नाही. वाक्याचा शेवट खाली आला की तोंडातून होकार आपोआप जातो. त्या माणसांच्या तोंडून तो साठ-सत्तर वर्षं जात होता. आत्याने तीच लय धरली, काकांची, त्यांच्या बापाची. आवाज कुठे चढवला नाही की थांबली नाही.

“तर आता ही नदर, जे जे हयसर व्हय म्हणतत, तेंच्यार सारखी वाटून घाल!”

“व्हय म्हाराजा!”

मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते, म्हणून मला आधी कळलं. ही नजर, जे जे इथे होय म्हणतात, त्यांच्यावर सारखी वाटून घाल. आणि बारा माणसं एका सुरात होय म्हणाली होती. बाबासुद्धा.

आत्याने हात खाली घेतले. क्षणभर काहीच झालं नाही. एक काकू पेला उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. सतरंजीवरच्या सगळ्या पेल्यांतला चहा एका बाजूला चढला होता, समुद्राकडच्या काठाला टेकला होता. पेले सरळ होते. किती वेळ तसा होता, सांगता येत नाही. मग तो परत सपाट झाला. तो व्हरांडा जुना आहे, जमीन खचली असेल, असं नंतर कुणीतरी म्हणालं. पण त्यानंतर कुणी चहा प्यायलं नाही.

“काय म्हणाली ती?” मागून एका म्हाताऱ्याने विचारलं. शेजारच्याने त्याच्या कानात सांगितलं.

काका उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हे नियमात बसत नाही, म्हणाले, हे धरता येणार नाही, गाऱ्हाणं पुन्हा घालावं लागेल. आत्या त्यांच्याकडे वळली. तिला त्यांचा चेहरा दिसत नसणार, संध्याकाळी तिला काहीच दिसायचं नाही. “तुम्ही सगळ्यांनी होय म्हटलंत,” ती म्हणाली. “आता कुणाला नाही म्हणायचं असेल, तर त्याने पुढे येऊन एकट्याने नाही म्हणावं. मोठ्याने.”

कुणीही पुढे आलं नाही. अशा वेळी एकट्याने आवाज काढायचा म्हणजे नजर आपल्याकडे बोलावून घ्यायची, हे त्यांनीच एकमेकांना शिकवलं होतं. बारा माणसं, त्यातले आठ पेन्शनर, एक निवृत्त हेडमास्तर, सगळी खाली बघत बसली. नजर एकटीने अंगावर घ्यायला आत्याला बाविसाव्या वर्षी लावताना यांना कुणाला जड गेलं नव्हतं.

परतीच्या बोटीत ती माझ्याजवळ बसली. बाबा दुसऱ्या टोकाला होते. मी तिला विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू रागात होतीस ते बरं होतं, रागात तू तोंड उघडलं नसतंस. “आणि बाबा?” मी विचारलं. “त्याने होय म्हटलं ना,” ती म्हणाली, आणि पदर डोक्यावरून घेतला.

‘सहल’ ग्रुप दोन दिवस पेटला होता. विश्वासघात, बेकायदेशीर, परंपरेचा अवमान. एकाने तातडीची सभा मागितली. सभा झाली नाही, कारण एकत्र जमलं आणि पुन्हा काही झालं तर, या भीतीने कुणी जागा द्यायला तयार नव्हतं. कुणी मेलं नाही, कुणाच्या घराचं छत पडलं नाही. फक्त बाबा आठवड्याने म्हणाले की दुपारी बाल्कनीत एकटं बसलं की खालून कुणीतरी बघतंय असं वाटतं. नऊ मजल्यांच्याही खालून. फार नाही, थोडंसंच. पण जेवण जात नाही, पुस्तकात लक्ष लागत नाही.

आत्या भाजी चिरत होती. म्हणाली, “तुझ्याकडे बारावा हिस्सा आलाय, दादा.”

बाबांनी विचारलं, तुला हे रोज व्हायचं? रोज, ती म्हणाली. त्यांनी खरंच पहिल्यांदा विचारलं होतं. मला त्यांची दया यायला हवी होती, आली नाही.

कागदांना चार महिने लागले. जन्माचा दाखला नाही, शाळेचा गावाहून मागवला, प्रतिज्ञापत्रं केली, नगरसेवकाच्या कचेरीत तीन चकरा. माझ्यासारख्याच एका बाईने काउंटरच्या पलीकडून आम्हाला दोनदा परत पाठवलं आणि मी तिच्यावर चिडू शकले नाही. बुबुळांचा फोटो घेताना उजव्या डोळ्याने मशीनला दाद दिली नाही, तर तिथल्या पोराने नियम शोधून काढला आणि डाव्यावर भागवलं. मग ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, उजव्याने थोडंच दिसेल, पण दिसेल.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला गेलो. काळा चष्मा लावून ती बाकावर बसली होती आणि समोरच्या भिंतीवरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. चप्पल बाहेर काढावी. मोबाइल बंद ठेवावा. तिचा तो हळूहळू वाचणारा आवाज ऐकून माझं डोकं पुन्हा फिरलं. एक वाक्य. एवढ्याने झालं असतं. मी तिला खडसावून विचारलं की ती माणसं कशालाही होय म्हणतात, हे तुला कधीपासून ठाऊक होतं.

“दुसऱ्या वर्षापासून,” ती म्हणाली.

म्हणजे तू तेवीसची असताना? मग बाकीची वर्षं काय करत होतीस? तेव्हाच सगळ्यांच्या मध्ये उठून बोलली असतीस तर? कचेरी गेली, सगळं गेलं, डोळा गेला. दवाखान्यातली माणसं बघायला लागली होती, पण मला थांबवत नव्हतं. तिने माझं बोलणं संपू दिलं.

“पुढे पोरं बसायची ना गो,” ती म्हणाली. “मोठी ओरडतात म्हणून ती पण ओरडायची. पोरांना काय कळतं, कशाला व्हय म्हणतोय ते. आधी तू होतीस. मग तुझा भाऊ, जाईपर्यंत. मग काकांचे नातू. मग तुझं चेडू. एक वर्ष असं नाही गेलं की पुढे कुणाचं पोर नव्हतं. या वर्षी बसले तेव्हा कानोसा घेतला, सगळे म्हाताऱ्यांचेच आवाज.” मग ती हसली. “सगळ्यात मोठ्यांदा तू ओरडायचीस.”

सात घरं दर वर्षी त्या व्हरांड्यात समुद्राकडे बघत बसायची, तिकडून काय येतंय या भीतीने. पुढ्यात कोण बसलंय ते बघणारं माणूस त्यांच्यात एकच होतं, आणि तिला आम्ही कुणी कधी नावाने हाक मारली नाही.